गुलाबांचे पंखे आणि जुना कंपायलर

माझ्या रागाची एक खोड आहे. काही बिघडलं की तो आधी समोरच्या माणसावर निघतो, आणि कारण शोधायला मी नंतर बसते. गेल्या उन्हाळ्यात कार्ला गावातल्या पॉलिहाउसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छताखालच्या फुलशेतीत, हेच झालं.

तिथले गुलाब सांभाळणाऱ्या मावशींचा सकाळीच फोन आला. ऊन वाढलं की पंखे आपोआप बंद पडत होते. पंखे चालवणाऱ्या डबीतला प्रोग्रॅम माझा, म्हणून लोणावळ्याहून लॅपटॉप घेऊन धावले. कळ्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जायच्या होत्या. दुपारी आत गारवा राहिला नाही तर त्या उमलणार, आणि उमललेलं फूल कुणी घेत नाही. मावशींचं चार महिन्यांचं राबणं त्या कळ्यांत होतं.

दुखणं मला ठाऊक होतं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देतो तो कंपायलर. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीतच खोट होती, तापमान चढलं की हिशेब चुकायचा. नवी आवृत्ती लॅपटॉपवर होतीच. सेटिंगच्या फाइलीत तिचं नाव घातलं, प्रोग्रॅम पुन्हा बांधला, म्हणजे कंपायलरमधून काढला, आणि डबीत भरला. पंखे सुरू झाले आणि दहा मिनिटांत बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मावशी, तुम्ही मध्येच बटणाला हात लावलात का?" मी खेकसले.

"न्हाई गं. मी लांबच हाय." त्या घामाने निथळत बाजूचे पडदे हाताने गुंडाळत होत्या.

"लावला असेल. उगाच कसे बंद पडतील?"

त्या पडदा सोडून माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. मला ओशाळल्यासारखं झालं, म्हणून कोपऱ्यातला एक वाफा गुडघाभर खणून रिकामा का ठेवलाय, असं काहीतरी विचारलं.

"नवी रोपं यायचीत. जुनं झाड उपटलं तरी मुळ्या मातीत ऱ्हात्यात. मंग नव्याला बी तोच रोग. म्हून आमी माती पार उपसतो."

पेला माझ्या हातातच राहिला. प्रोग्रॅम बांधणारी यंत्रणा पहिल्यांदा जो कंपायलर सापडेल तो आपल्या फोल्डरात टिपून ठेवते आणि नंतर पुन्हा विचारत नाही. म्हणजे मी घातलेलं नवं नाव तिने बघितलंच नव्हतं. ऑफिसात दहा जणांना मीच हे सांगितलेलं. स्क्रीनवर पहिल्याच ओळीत जुन्या आवृत्तीचा आकडा धडधडीत दिसत होता, आणि आम्ही बाईसाहेब तो वाचायचा सोडून मावशींवर डाफरत होतो. फार लाज वाटली.

जुनं फोल्डर अख्खं उडवलं. आधी नवी आवृत्ती नेमून दिली, मग कोऱ्या जागेत बांधणी केली. या वेळी पहिली ओळ दोनदा वाचली. आकडा नवा होता.

"मावशी, चूक माझीच होती. तुम्हाला उगाच बोलले."

"ते मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "बटन कुटं हाय तुजं? आता खरंच हात लावते."

त्यांनी पदराला हात पुसून बटण दाबलं. पंखे फिरू लागले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आम्ही दोघी त्या रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसून पंख्यांकडे बघत होतो. ऊन डोक्यावर आलं. पंखे फिरतच होते आणि कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या.

मावशी उठल्या आणि कळ्या कापायच्या कात्रीला धार लावायला गेल्या.