प्रमिलामावशी आणि पुसलेल्या जन्मतारखा

प्रमिलामावशी सभा संपली असं कधी म्हणत नसत. त्या पंखे बंद करत. पावणेसहाला खिडकीकडचा, सहाला दहा कमी असताना मधला, आणि सहाच्या ठोक्याला दाराकडचा आणि दिवे. मधला पंखा थांबला की आमच्या अध्यक्षाचं वाक्य कितीही मोलाचं असलं तरी डळमळू लागे.

"मावशी, फक्त पाच मिनिटं," अध्यक्ष संकेत म्हणायचा.

"बोल की. अंधारात आवाज ऐकू येतो," असं म्हणून त्या दिवे घालवत.

आमच्या विद्यापीठाच्या संगणक विभागात दर शनिवारी मुक्त संगणक मंडळाची सभा भरायची. ज्या सॉफ्टवेअरची घडण कुणालाही उघडून बघता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते, त्याचा प्रसार करणं हे मंडळाचं ध्येय होतं. सभासद सात. त्यांत पदाधिकारी पाच. उरलेले दोघं उपाध्यक्षपदावरून एकमेकांशी बोलत नव्हते. मी सचिव होतो, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहायचो आणि पुढच्या सभेत वाचून दाखवायचो. ते ऐकून सगळे सहमत होत, की मागच्या सभेत काही ठरलं नव्हतं.

मावशी सभासद नव्हत्या. त्या प्रयोगशाळेतल्या परिचर. वर्ग सुटल्यावर मुलं लॅबमध्ये असतील तर विभागाचा एक माणूस हजर हवा, असा नियम होता आणि तो माणूस म्हणजे मावशी. दाराजवळच्या स्टुलावर मांडीत ताट घेऊन त्या बसत. हिवाळ्यात मटार सोलत, एरवी मेथी नाहीतर कोथिंबीर निवडत. अशी नऊ वर्षं त्यांनी मंडळाची प्रत्येक सभा ऐकली होती. कुणी तावातावाने नवा मुद्दा मांडला की त्या मान वर न करता म्हणत, "हे तो मागचा चष्मेवाला पण म्हणायचा. तो आता बँकेत आहे."

त्या मूळच्या नामपूरच्या. लग्नानंतर नाशिकला आल्या, त्याला तीस वर्षं झाली होती. आमच्याशी शहरी मराठी बोलत; माहेरचा फोन आला की अहिराणीत जात आणि दुप्पट मोठ्याने बोलत. संगणकावर काही अनोळखी दिसलं तरी तोंडातून पहिल्यांदा "हाई काय शे?" हेच निघे.

एकदा नव्या मुलांचं स्वागत होतं. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे संकेत अर्धा तास समजावत होता. त्याने फळ्यावर दोन वर्तुळं काढली, मग तिसरं काढलं, मग तिन्ही पुसली. नवी मुलं चार होती, त्यांतली दोन समोशांसाठी थांबली होती. शेवटी स्टुलावरून आवाज आला, "आमच्या मळ्यातली विहीर मोकळी होती, फुकट नव्हती. कुणीही यावं, पाणी न्यावं. पण उन्हाळ्यात गाळ काढायला यायचं. जो नाय यायचा त्याला आमचे वडील काही बोलायचे नाहीत. नुसते त्याच्या बादलीकडे बघायचे." समोशांसाठी थांबलेल्यांपैकी एक मुलगी त्या दिवशी सभासद झाली. संकेतने फळा पुन्हा पुसला, त्याच्यावर काहीही नसताना.

वर्षातून एकदा मंडळाची मिसळ असायची. गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात खाटा टाकलेल्या, तिथे सगळे सायकलींवर आणि स्कूटरवर जायचे. हा स्नेहमेळावा असल्यामुळे संगणकाविषयी बोलायचं नाही असा ठराव दर वर्षी होई आणि रस्सा यायच्या आत मोडे. मावशींना आम्ही आग्रहाने नेत असू. त्या दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकत, पापड मोडत आणि म्हणत, "भांडा, पण पाव गार होतोय."

मी दुसऱ्या वर्षाला असताना मंडळाने लोकांसाठी शिबिर घेतलं. कुणीही आपला जुना लॅपटॉप आणावा, त्यावर आम्ही मुक्त प्रणाली बसवून देऊ. प्रणालीवरच्या सूचना मराठीत दिसाव्यात असा माझा हट्ट होता. त्यावर आम्ही महिनाभर भांडलो, कारण 'पुसणे' म्हणायचं की 'हटवणे' यावर मंडळात उभी फूट पडली. शेवटी 'पुसणे' चार विरुद्ध तीन मतांनी जिंकलं.

शिबिराला पाच माणसं आली. दोन शेजारच्या सभागृहातलं रक्तदान शोधत होती. एकाकडे लॅपटॉप नव्हता, प्रश्न होते. एक आमच्याच विभागाचे सर होते. पाचव्या होत्या भोये सिस्टर.

सिस्टर पेठकडच्या डोंगरात सरकारी नर्स होत्या. निवृत्त होऊन नाशिकमध्येच द्वारका चौकापलीकडे मुलाकडे राहायला आल्या होत्या. लॅपटॉप हळू चालतो एवढीच त्यांची तक्रार होती. "यात माझ्या नोंदी आहेत, बाळा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "काळजी करू नका." त्या चार वाजता परत येते म्हणून घरी गेल्या. मी कामाला लागलो. पडद्यावर येईल त्या प्रश्नाला 'पुढे' म्हणत गेलो. इंग्रजीत ते प्रश्न मला पाठ होते. मराठीत वाचायची सवय नव्हती. अर्ध्या तासाने नवी प्रणाली झळझळीत उघडली. तिच्यात काहीही नव्हतं.

पदाधिकाऱ्यांची तातडीची बैठक कपाटामागे झाली. संकेतने निवेदनाचा मसुदा केला: 'तांत्रिक कारणास्तव माहिती उपलब्ध होऊ शकत नाही.' कुणीतरी सुचवलं, डिस्क जुनी होती असंही घालावं. मी लिहून घेत होतो. वर बघितलं तर मावशी उभ्या.

"कोणी पुसलं?"

"मी," मी म्हणालो.

"मग तांत्रिक कारण तूच. चप्पल घाल."

"त्या चार वाजता येणारच आहेत, मावशी. तोपर्यंत काही जमतंय का बघतो."

"आधी चूक सांगायची, मग अडचण. उलटं केलं की चूक दिसत नाही, नुसती अडचण दिसते. चल."

नऊ वर्षांत जी प्रयोगशाळा त्यांनी कधी दुसऱ्याच्या भरवशावर सोडली नव्हती, ती त्या दिवशी त्यांनी शिबिराला आलेल्या सरांवर सोडली. आम्ही रिक्षाने निघालो. द्वारकेचा चौक ओलांडायला पंचवीस मिनिटं लागली. तो चौक इतक्या लवकर संपल्याचं दुःख नाशिकमध्ये माझ्याशिवाय कुणाला झालं नसेल.

सिस्टरने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळं?"

"सगळं."

मग त्या नोंदी कसल्या होत्या ते कळलं. सिस्टरच्या हातून डोंगरातल्या पाड्यांवर जी जी बाळंतपणं झाली, त्या प्रत्येकाची नोंद त्या वहीत करत. आईचं नाव, पाडा, तारीख आणि एखादी ओळ. वह्यांना वाळवी लागायला लागली तेव्हा दोन वर्षं बसून त्यांनी ते सगळं लॅपटॉपवर उतरवलं होतं आणि वह्या जाळल्या होत्या. कागद करायचे म्हटलं की तिकडची माणसं जन्मतारीख विचारायला त्यांच्याकडेच येत.

"परवा एक बाई येणार आहे पेठहून," सिस्टर म्हणाल्या. "तिला काय सांगू?"

मावशी म्हणाल्या, "हा पोरगा शोधेल. मिळेल का ते माहीत नाही. पण दर शनिवारी बसू. मी पण बसेन." मग त्या आणखी काही बोलणार असं वाटलं, पण त्या चपला शोधू लागल्या. त्या पायातच होत्या.

पुसलेली डिस्क पूर्ण कोरी होत नाही, वर नवं लिहिलं जात नाही तोवर जुनं खाली राहतं, एवढ्या एका गोष्टीवर पुढचे सहा महिने गेले. तुकडे निघाले. त्यांना नावं नव्हती, क्रम नव्हता. सिस्टरने जुन्या फाँटात टाइप केलेलं असल्यामुळे मराठी ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. उपाध्यक्षपदावरून न बोलणाऱ्या दोघांनी मिळून तो सरळ करणारा प्रोग्रॅम लिहिला. लिहिताना एकमेकांशी बोलावं लागलं, त्याबद्दल दोघांनीही नंतर खेद व्यक्त केला.

दर शनिवारी सिस्टर लॅबमध्ये येत. एकेक तुकडा आम्ही वाचून दाखवत असू: 'पोळ्याचा दुसरा दिवस. पुलावरून पाणी. मुलगी. आईने आधी भाकरी मागितली.' नाव गेलेलं असायचं. सिस्टर डोळे मिटत. "भाकरीवाली म्हणजे जमना. लिही." शेजारी मावशी दोन बोटांनी टाइप करत. त्यांना टायपिंग येत नव्हतं, त्या शिकल्या. ताट घरी राहू लागलं. एका शनिवारी साडेसहापर्यंत तिन्ही पंखे चालू होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग माणसं लॅबमध्येच येऊ लागली. द्राक्षांच्या कामाला आलेला एक जण बायकोला घेऊन आला. तिला तारीख हवी होती. सिस्टरने तिच्या आईचं नाव विचारलं, पाडा विचारला. मावशींनी शोधलं, तारीख आणि साल सांगितलं आणि पुढची ओळ वाचली: 'नागपंचमी. मुलगी. बाप आंब्याखाली झोपला, उठवावा लागला.'

ती बाई आधी नवऱ्याकडे बघून हसली, मग पडद्याजवळ सरकली. "आजून वाच ना," ती म्हणाली.

"एवढंच हे," मावशी म्हणाल्या.

"मंग हेच परत वाच."

मावशींनी ते तीनदा वाचलं. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी लिहिलं: 'एक जन्मतारीख दिली.' दुसरं काही लिहिण्यासारखं घडलं नव्हतं.

बहुतेक नोंदी परत आल्या. काही वर्षं मिळालीच नाहीत. ती सिस्टरने फोन करून, आठवून, बायाबायांकडून जुळवली. काही तरीही कोरी राहिली. त्या जागी आम्ही 'माहीत नाही' असं लिहिलं. तो शब्द ठरवायला मतदान लागलं नाही.

शिबिरानंतर दोन वर्षांनी मावशी निवृत्त झाल्या. विभागाने शाल दिली आणि तीन भाषणं केली. तिन्हींत त्यांचं आडनाव वेगवेगळं होतं. त्या नामपूरला भावाकडे राहायला चालल्या होत्या. त्या शनिवारी दुपारी मी त्यांना बसवर सोडायला गेलो. पिशव्या वर ठेवल्या, खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उतरलो तेव्हा त्या खिडकीतून म्हणाल्या, "निखिल, ते पडद्यावर आलं होतं ना, 'या डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल', ते मी वाचलं होतं."

"कधी?"

"तू दाबायच्या आधी. मी तुझ्या मागे चहा घेऊन उभी होते. मराठीत होतं, म्हणून वाचलं. म्हटलं, बाई तर म्हणाल्या नोंदी हेत, मग पुसतो कशाला? विचारणार होते. मग वाटलं, शिकलेली पोरं हेत, त्यांना ठाऊक असेल. आपण कशाला मध्ये."

मी म्हणालो, "मावशी, दाबलं मीच होतं."

"ते आहेच. पण वाचलं मी होतं. सिस्टरच्या दारात सांगणार होते, जीभ उचलली नाही. तुला मी पाच मिनिटं नाही दिली. मला दोन वर्षं लागली."

"सिस्टरना सांगितलं?"

"काल फोन केला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पोचलीस की कळव."

कंडक्टरने दोनदा घंटी ओढली. बस हलली तेव्हा मावशी समोर बघत होत्या, हात वगैरे काही केला नाही. मी तिथून सभेला गेलो, अर्धा तास उशिरा. डोळ्यांना काय झालं म्हणून संकेतने विचारलं. मी म्हणालो, रस्त्यावर फार धूळ होती, आणि इतिवृत्ताची वही उघडली.