नाल्यापलीकडचा रेडिओ

आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. मामाजी हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि मी सासूबाईंना सांगायची, "त्यांना म्हणा, जेवण वाढलंय." ते ऐकायचे, उठायचे, उत्तरही सासूबाईंनाच. लग्न झाल्यापासून हाच तमाशा. डोकं फिरायचं माझं!

मामाजींचा सगळा दिवस नाल्यापलीकडच्या शेतात जायचा. रानडुकरांनी सोयाबीन तुडवू नये म्हणून तिथल्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, ते रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचे. मोबाइल वापरायचे नाहीत. आणि वीज चमकली की रेडिओही बंद. वीज रेडिओवर येते, असं त्यांचं पक्कं मत.

त्या दुपारी आमच्याकडे नुसती भुरभुर होती. घरातल्या रेडिओवर मात्र निवेदिका थेट सांगत होती, वरच्या भागात धो धो पाऊस झालाय, नदीनाल्यांना पूर येतोय, कुणीही पाण्यात उतरू नका. मध्येच लोकांचे फोन घेत होती. मामाजींची नाला उतरून घरी यायची वेळ झाली होती. सासूबाईंनी रडायलाच सुरुवात केली. नवरा यवतमाळला. सांगायला जायचं, तर आपणच नाल्यात!

मामाजींच्या कोठ्यातही हेच स्टेशन लागलेलं असायचं. मी रेडिओवाल्यांना फोन लावला. लागला, बाई!

"निरोप कुणासाठी?" निवेदिकेनं विचारलं.

"मामाजींसाठी."

"त्यांचं नाव?"

"अवो, सासऱ्याचं नाव कसं घेऊ?"

ती हसली. "मग तुम्हीच बोला त्यांच्याशी. सगळे ऐकताहेत."

आजवर त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पण बोलले. "मामाजी, बोरी अरबहून तुमची सून बोलून राह्यली. वरून पूर येऊन राह्यला. नाल्यात पाय टाकू नका. आज कोठ्यातच राहा, तुमच्या पाया पडते."

फोन ठेवला आणि आभाळाकडे लक्ष गेलं. शेताच्या बाजूला विजा चमकत होत्या. झालं! त्यांनी रेडिओ बंद केला असणार. थोड्याच वेळात नाल्याचा आवाज घरापर्यंत यायला लागला. मामाजी आले नाहीत. मी फार भ्याले. आम्ही दोघी दारातच बसून राहिलो.

सकाळी पाणी ओसरलं आणि मामाजी आले, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"इजा चमकत होत्या, तरी रेडिओ बंद नाही केला?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बटनावर हात ठेवलाच होता. तेवढ्यात तुहा आवाज आला. बोलत्या पोरीले मधातच बंद कसं करू?"

मी तिथंच, त्यांच्यासमोर, मोठ्यानं रडले.