सकाळची हाक

परदेशात हर्नडनला स्थायिक झालेल्या जगन्नाथकाकांना निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना. जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलेला माणूस, परसात टोमॅटो लावून किती रमणार? त्यात त्यांचा मित्र गिरीश घरात एकटाच असताना वारला आणि कित्येक दिवस कुणाला पत्ताच लागला नाही. काकांनी ते फार मनाला लावून घेतलं आणि ‘सकाळची हाक’ सुरू केली. तिथे एकट्या राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना रोज सकाळी मेल जायचा. त्यात फुलाचा फोटो, खाली ‘मी ठीक आहे’ असं बटण. बटण दाबलं नाही, की ते नाव काकांच्या स्क्रीनवर लाल दिसायचं; काका तेवढंच बघायचे. मग फोन, आणि फोन उचलला नाही तर काका गाडी काढून दारात हजर! तेही फुकट, बरं का.

मेल पाठवणाऱ्या कंपनीने मात्र प्रत्येक मेलखाली ‘अनसबस्क्राइब’ची, म्हणजे ‘हे मेल नकोत’ची ओळ चिकटवली होती. जाहिरातवाल्यांचा उच्छाद थांबावा म्हणून सरकारने कायदा केला: नको म्हटलं की नाव निघालं पाहिजे, पासवर्ड-बिसवर्ड विचारायचा नाही. उत्तम कायदा, कोण नाही म्हणतंय! पण कंपनी म्हणाली, जाहिरात असो नाहीतर तुमचं फूल, ओळ सगळ्यांनाच. “इथून कोण कशाला जातंय?” म्हणून काकाही ते विसरून गेले.

जवळच्याच अ‍ॅशबर्नच्या वसुधाताईंचं बटण रोज सगळ्यांत आधी दाबलेलं असायचं. त्यांच्या दारात पार्सलं साचली, तेव्हा शेजारणीने पोलिसांना बोलावलं. ताई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. फोन ओट्यावर, हाताला न लागणारा. जीव लगेच गेला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

काकांनी स्क्रीन उघडली. ताईंचं नाव लाल नव्हतं. ते तिथे नव्हतंच.

“त्यांना गेलेल्या मेलमधून नाव काढलंय,” कंपनीतला पोरगा फोनवर म्हणाला. “तो मेल ज्याच्याकडे पोचेल त्याने क्लिक केलं, तरी नाव त्यांचंच जातं.”

“अरे, मग मला कळवायचं नाही?”

“तशी सोय नाही, सर.”

ताईंची मुलगी अनया दूर क्युपर्टिनोहून आली होती. काका भेटायला गेले, तेव्हा ती आईचे डबे आवरत होती. त्यांना बघताच ती भडकली.

“तुम्ही सगळ्यांकडे धावता काका, मग आईकडेच कसे नाही आलात? मेल बंद झाले तेव्हा ती म्हणाली, जगन्नाथराव दमले असतील बिचारे, विचारायला संकोच वाटतो.”

काकांनी खुर्ची ओढून घेतली.

“आणि मला, सॉरी, पण बरंच वाटलं! रोज उठून तुमचं फूल मला फॉरवर्ड करायची. शेवटी वैतागून मीच त्या मेलच्या तळाशी जाऊन अनसबस्क्राइब केलं, तेव्हा कुठे थांबलं.”

काकांना कंपनीतल्या पोराचं बोलणं आठवलं. अनयाला अजून काहीच उमगलेलं नव्हतं. ती डोळे पुसत उत्तराची वाट बघत होती.

“का नाही आलात, सांगा ना!”

“माझंच चुकलं गं, पोरी,” काका म्हणाले. “माझ्याकडून राहिलं.”

“मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.”

“नको करूस,” म्हणत काकांनी तिच्या हातातला डबा घेतला आणि खोक्यात ठेवला.