कोरी चिकटपट्टी

आमच्या ॲल्युमिनियमच्या जुन्या जीपचा रंग दोनदा पापुद्रे सुटून निघाला होता. असल्या गाडीत वऱ्हाड बसेना, आणि घर तर तिच्या भाड्यावरच चालायचं. आळेफाट्याच्या नव्या रंगाऱ्याने पत्रा उघडा करून घासला, थिनरने पुसला आणि वाकून न्याहाळत बसला. मी कुंकवाचं बोट पुढे केलं.

"आजी, हात लावू नका. बोटाचं तेल लागलं तर रंग धरायचा न्हाई."

"देवाचं कुंकू हाय, भाऊ."

"मग देवाला थांबवा जरा."

मला राग आला. त्याने ॲल्युमिनियमवर रंग धरावा म्हणून खास प्रायमर, रंगाखालचा पहिला हात, मारला. वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टी कोरी निघाली, एक कणही सुटला नव्हता. त्याने ती माझ्या हातात दिली.

माणूस फटकळच होता. पण त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.