सगळं ठीक आहे

तळेगावचे चिंतामणी आगाशे घरातून निघाले की निघाल्याचा फोन करत. ज्या घरातून निघाले, त्याच घरी. मग वडगाव आलं, कामशेत आलं, सगळं ठीक आहे. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हे तत्त्व त्यांनी कारखान्यातून निवृत्त होताना सोबत आणलं होतं.

लोणावळ्यापलीकडच्या औंढ्यातल्या अंबाजींच्या गुलाबांच्या पॉलिहाऊससाठी त्यांनी एक डबा बनवला होता. आत लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा संगणक आणि नखाएवढं मेमरी कार्ड. ऊन चढलं की डब्याने फॉगर सुरू करून गुलाबांवर धुकं सोडायचं. काम चोख. फक्त अधूनमधून कार्ड मरायचं, डबा मुका व्हायचा आणि गुलाब माना टाकायचे.

तिसरं कार्ड मेलं ते ऐन लग्नसराईत. चिक्कीच्या दुकानांपुढे आडव्या लावलेल्या गाड्यांना, कार्ड बनवणाऱ्यांना आणि एकूण मानवजातीला शिव्या देत चिंतामणी लोणावळ्यातून सुटले आणि नवं कार्ड घेऊन औंढ्याला पोचले. अंबाजींच्या पत्नी सरुबाई पाइप धरून गुलाबांवर पाणी मारत होत्या.

"साहेब, ह्ये कार्ड शेवटचं," अंबाजी म्हणाले. "परत मेलं तर डबा तुमच्या डिकीत. पाण्याचा कॉक मी हातानं फिरवीन. माझा हात अजून बंद पडलेला न्हाई."

चिंतामणींनी नकली माल, लाईट आणि उंदीर अशा तिघांवर आरोप ठेवून पाहिले. अंबाजी ढिम्म. मग पोचल्याचा फोन राहिला म्हणून त्यांनी पत्नीला, अरुंधतीबाईंना फोन लावला.

"अहो, ठीक आहे हे किती वेळा सांगाल? उचलून उचलून हात झिजला माझा. बिघडलं तर सांगा."

चिंतामणी फणकाऱ्याने फोनकडे पाहत राहिले. मग डब्याकडे. डब्याला शिकवण त्यांचीच होती: दर सेकंदाला तापमान लिही आणि पुढे लिही, 'सगळं ठीक आहे'. कार्डावर पुसून पुन्हा लिहायलाही मर्यादा असते, हे त्यांना पाठ होतं. तरी बिचारं खुशाली लिहून लिहून झिजून मेलं होतं.

बांधावर बसून, स्वतःच्या मिशा उपटाव्यात तशा चेहऱ्याने, त्यांनी प्रोग्राम बदलला. आकडे तात्पुरत्या मेमरीत ठेवायचे, तासाला एकदाच कार्डावर उतरवायचे. खुशाली मुळीच लिहायची नाही.

ती लग्नसराई गेली, पुढची आली, डबा जागेवर आहे. हाल झाले ते चिंतामणींचे. डबा काही बोलत नाही म्हणून ते रोज सकाळी अंबाजींना फोन करून विचारतात, चालू आहे ना?

परवा तो सरुबाईंनी उचलला. "चालू हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "पन तुमी असंच इचारत ऱ्हायलात तर आता ह्यांचा फोन मरंल."