दुखणाइताचा पुडा

बिस्किटांचा नुसता वास आला तरी रुखमिणीला ढवळून यायचं. याला कारण तिचा नवरा, देवाजी.

लाखनीजवळच्या गावात तळ्याखालची धानाची शेती करणारा हा गडी १९८३ साली तापानं पडला. ताप चार दिवसांत उतरला. पण दुखणाइताला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही गावाची रीत. पूर्वी लोक लिंबं नाहीतर केळी आणत. आता हायवेवर दुकानं झालेली, त्यामुळे जो येई तो बिस्किटांचा किंवा टोस्टचा पुडा उशाशी ठेवी. आजाऱ्यानं हलकं खावं, असं सगळेच सांगत. देवाजीनं उखळात कांडलेला लाल भात आणि भाजी बाजूला सारली आणि तीनही वेळा चहात बिस्किटं बुडवायला सुरुवात केली.

मग चार-चार दिवस पोट साफ होईना. पोट बिघडलं म्हणून पुन्हा हलकं, म्हणजे पुन्हा बिस्किटं. भेटायला येणारे वाढले, तसे पुडेही वाढले. कपाच्या तळाचा चिकट लगदा बोटानं चाटणारा नवरा पाहून रुखमिणीला शिसारी येई. तांब्या घेऊन गेलेला माणूस तासाभरानं कण्हत परतायचा. त्याची धोतरं तीच धुवायची. एक दिवस धोतराला रक्त दिसलं, तशी ती त्याला घेऊन भंडाऱ्याला गेली.

तिथल्या डॉक्टरांनी मैद्याचं सगळं बंद करायला सांगितलं, नाहीतर मूळव्याध कापावी लागेल म्हणाले. रुखमिणीनं पुडे उकिरड्यावर फेकले आणि पुन्हा मुसळ हाती घेतलं. दोन महिन्यांत देवाजी बांधावर गेला. बिस्कीट तोंडात घालणार नाही, अशी त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेतली.

दिवाळीनंतर त्याचा चुलतभाऊ केवळराम पोटाच्या दुखण्यानं पडला. रुखमिणीनं गंजात, म्हणजे घरच्या पातेल्यात, पेज घेतली, दोघं निघाली. केवळरामच्या दारात देवाजीनं खिशातून हळूच पुडा काढला.

"हे कायले?"

"माह्या टायमाले त्यानं दोन आणले होते. नुसती पेज नेली तं लोकं काय म्हणतीन?"

केवळरामच्या बायकोनं पेज झाकून चुलीमागे ठेवली, पुडा फोडला, चहा आणला. केवळरामनं एक बिस्कीट बुडवलं आणि पुडा भावापुढे सरकवला. देवाजीनं बायकोकडे पाहिलंच नाही. त्यानं हात पुढे केला.

रुखमिणी उठली, आपला गंज घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आता रक्ताचं धोतर तुमचं तुमीच धुजा."

देवाजीच्या बोटांतलं भिजलं बिस्कीट गळून चहात पडलं.