फाइलला विचार

"अगं, बटणाला काय विचारतेस? फाइलला विचार!"

हे म्हणण्याआधी दादा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायचे. मग तो नाकावर चढवून तुमची खुर्ची स्वतःकडे ओढायचे. खुर्चीत तुम्ही बसलेले असलात तर तो तुमचा प्रश्न.

जर्मनीतल्या गार्चिंगच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये मराठी आम्ही दोघंच. मी नाशिकची, पीएचडीला नुकतीच आलेली. ते सांगलीचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, लेझरच्या प्रयोगशाळेतले. सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि दर अपडेटनंतर कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनचा उजेड गायब. मग तो बिचारा लॅपटॉप पोटाशी धरून दादांच्या दारात उभा.

माझी पाळी आली ती नेमकी प्रोफेसरांसमोर बोलायच्या दिवशी. सकाळी बघते तर स्क्रीन काळाठिक्कर. उजेडाचं बटण दहा वेळा दाबलं, अकराव्या वेळी रडूच फुटलं. दादांनी सायकलचा दिवा आणून स्क्रीनवर धरला. त्या प्रकाशात माझं सगळं काम अंधुक दिसलं. कोपऱ्यात उजेडाची पट्टीही दिसली, अगदी काठोकाठ भरलेली.

"ही पट्टी एक नंबरची खोटारडी. दाबलं की वाढते, तिचं काय जातंय? खरा आकडा फाइलमध्ये असतो."

त्यांनी एक ओळ टाइप केली. फाइल म्हणाली, शून्य. त्यांनी तिथं शंभर लिहिलं आणि भक्कन उजेड पडला.

"आल्झो, चला, रडणं बंद. चहा कर."

चहा मी बरा करते, हे त्यांनी मला दिलेलं एकमेव प्रशस्तिपत्र.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांची स्वतःचीच तक्रार सुरू झाली. "माझा स्क्रीन मंद झालाय गं." मी म्हटलं, दादा, इथं नोव्हेंबरात सूर्यच मंद असतो! तेही हसले. पण जून आला, रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड, तरी ते तेच म्हणत होते. कॉरिडॉरमध्ये दोनदा माझ्या खांद्यावर आपटले आणि वर माझ्यावरच डाफरले.

एका दुपारी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तू बघ बाई जरा. मला काही सापडत नाही."

त्यांना सापडत नाही? मला हसूच आलं. ऐटीत म्हटलं, "बटणाला नाही, फाइलला विचारते हं!"

ते हसले नाहीत.

टाइप करण्याआधी मी वरच्या बाणाची कळ दाबली. ती दाबली की आधी लिहिलेली ओळ परत येते. मला हवी तीच ओळ आली. पुन्हा दाबली, पुन्हा तीच. मी दाबत गेले. तीच, तीच, तीच. दादांनी फाइलला आधीच विचारलं होतं, कितीतरी वेळा.

"काय म्हणते?"

"शंभर."

"नीट बघ."

"दादा, शंभरच आहे. स्क्रीन लख्ख आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्यांचं काम लेझरचे आरसे केसभर हलवून जुळवायचं. डोळे गेले तर सगळंच गेलं. मंद स्क्रीन नाही, डोळेच झालेत, हे त्यांना माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. मला इतकं भरून आलं की चहाचं निमित्त करून मी उठले.

परत येऊन डोळ्यांच्या डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायला फोन लावला. तिकडची बाई तीन आठवड्यांनंतरची देत होती. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भांडभांड भांडून मी गुरुवारची मिळवली.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकली, पण प्रयोगशाळा सुटली. वर्षाच्या शेवटी दादा सांगलीला परत गेले. त्यांच्या खोलीत नवा कुणी आला, आणि माझा चहा पुन्हा एकटीपुरता झाला.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झालेय. संध्याकाळी कधीतरी स्क्रीन मंद वाटतो. हात बटणाकडे जातो आणि थांबतो. चष्मा काढून पुसते, फाइलला विचारते. काल ती म्हणाली, चाळीस. हुश्श! स्क्रीनच मंद होता. इतका आनंद झाला की सांगलीला फोनच लावला.

"दादा, माझी फाइल चाळीस म्हणतेय!"

"मग वाढव की गं," ते म्हणाले.